आज्ञा मोडणारा द्वारपाल

मासिकाच्या पानांवर मोटार ठेवण्याच्या खोलीच्या दाराची चर्चा पाहून आमच्या कांहीं वाचकांच्या भुवया वर चढतील, हें आम्ही जाणून आहों. परंतु नीतीचे प्रश्न नेहमीं धर्मग्रंथांतून किंवा न्यायासनासमोरूनच येतात असें नाहीं; पुष्कळदां ते बाजारहाट करतांना आडवे येतात. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही कॅलिफोर्नियांत आमच्या धाकट्या बंधूंकडे राहावयास गेलों होतों. तेथें त्यांच्या गॅरेजचें दार उघडणारें जुनें यंत्र बंद पडलें आणि नवें कोणतें घ्यावें याचा खल दोन दिवस घरांत चालला. त्या खलांतून जो विचार आमच्या मनांत आला तो येथें मांडावयाचा आहे.

प्रथम वस्तूची ओळख. तिकडे गॅरेज बहुधा घरालाच लागून असतें, आणि दोन मोटारींच्या गॅरेजचें दार सामान्यतः सोळा फूट रुंद व सात फूट उंच असतें. बिजागऱ्यांनीं जोडलेल्या आडव्या फळ्यांचें हें दार रुळांवरून वर सरकून छताखालीं आडवें होतें. सी. जी. जॉन्सन यांनीं असें दार १९२१ सालीं, व तें विजेनें उघडणारें यंत्र १९२६ सालीं तयार केलें. घरांत हलणारी एवढी मोठी व जड वस्तु सहसा दुसरी नसते. आणि तिला हलविण्यास मोटारींत बसल्या बसल्या एक कळ दाबली म्हणजे पुरे.

दुकानदाराचा पहिला प्रश्न शक्तीचा: यंत्र अर्ध्या अश्वशक्तीचें हवें कीं पाऊण? बंधूंचा कल अर्थातच अधिक शक्तीकडे. वस्तुतः दाराचा भार यंत्र वाहतच नाहीं. तो दारावरील स्प्रिंगा तोलून धरतात. यंत्राचा सांधा सोडवून दार हातानें निम्में उचलावें. तें तेथेंच स्थिर राहिलें तर तोल ठीक आहे असें समजावें. मग साधारण घरगुती दाराला अर्धी अश्वशक्ति पुरते. खालीं येऊं लागलें तर दोष स्प्रिंगांचा. तो जाणत्या कारागिराकडूनच काढून घ्यावा, कारण ताणलेल्या स्प्रिंगेशीं खेळणें जिवावर बेतूं शकतें. तोल गेलेल्या दारावर दांडगें यंत्र बसविणें म्हणजे दोष झांकून ठेवणें होय. दुसरा प्रश्न आवाजाचा. साखळीचें यंत्र स्वस्त, पण खडखडतें. पट्ट्याचें महाग, पण शांत, आणि वर निजावयाची खोली असेल तर तेंच बरें. छत मोकळें हवें असेल तर दाराच्या बाजूस भिंतीवर बसणारेंही मिळतें.

हे झाले सोयीचे प्रश्न. खरा प्रश्न निराळाच आहे. हातानें दार लोटणारा मनुष्य दारापाशीं उभा असतो. फटींत कोणाचें बोट आलें तर तो अडथळा त्याच्या तळहातास जाणवतो, व हात आपोआप थांबतो. या थांबण्यास कोणी नीति म्हणत नाहीं, इतकें तें स्वाभाविक असतें. कळ आली आणि हात व त्याचें कर्म यांच्यामध्यें अंतर पडलें. दार लावणारा आतां रस्त्यावर, मोटारींत, पाठमोरा असतो. दार आज्ञा पाळतें, पण दाराला तळहात नाहीं. अशा दारांखालीं सांपडून अमेरिकेंत लहान मुलें दगावलीं. तेव्हां १९९० सालीं कायदा झाला, आणि १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती यंत्रांस सांपडणाऱ्याच्या रक्षणाची जादा सोय सक्तीची झाली. बहुधा ती अशी असते: दाराच्या दोहों बाजूंस, जमिनीपासून सहा इंचांच्या आंत, दोन डोळे बसवितात, त्यांच्यामधील अदृश्य किरण कोणीं अडविला कीं उतरतें दार उलट वर जातें. म्हणजे ज्या द्वारपालाला आपण आज्ञापालनासाठीं ठेवतों, त्याचा मुख्य गुण प्रसंगीं आज्ञा मोडणें हाच ठरला.

नवें यंत्र बसलें, आणि आठवड्याच्या आंत आम्ही या गुणावर चिडलों. बाहेर जाण्याची घाई. दार तीनदां निम्में उतरून परत गेलें. डोळ्यासमोर एक वाळलें पान अडकलें होतें. तें पाहून एका शेजाऱ्यांनीं सल्ला दिला, “दोन्ही डोळे वर छताजवळ एकमेकांसमोर बांधून टाका, कटकटच नको.” ही युक्ति तिकडे पुष्कळांना ठाऊक आहे. आम्हांसही ती पटली. आम्ही म्हणालों, या घरांत लहान मूल कोठें आहे? तेव्हां भावजय म्हणाली, “भावोजी, घरांत नाहीं, पण दार रस्त्याकडे उघडतें ना?”

आम्ही निरुत्तर झालों. दार आमचें, पैसा आमचा, मग निवडही आमचीच, हा युक्तिवाद वरवर निर्दोष दिसतो. त्यांत एवढेंच विसरलें जातें कीं यंत्र निवडणारा एक असतो आणि त्याखालून धांवणारा दुसरा. चेंडूमागें येणाऱ्या शेजारच्या मुलाला कोणी विचारलेलें नसतें. सवड हवीच असेल तर यंत्रांत तीही ठेवलेली आहे. डोळ्यांची हरकत असतांही दार लावतां येतें; मात्र त्यासाठीं भिंतीवरील कळ दार पूर्ण लागेपर्यंत दाबून धरावी लागते. दुरून, मोटारींतून, तें साधत नाहीं. ज्याला हरकत डावलावयाची असेल त्यानें समोर उभें राहावें, पाहावें, आणि हात काढूं नये. अधिकार व जबाबदारी यांची इतकी नेमकी सांगड आम्हांस मोठमोठ्या संस्थांच्या घटनांतही क्वचितच आढळली आहे.

थांबण्याइतकेंच वेळेवर उघडणेंही महत्त्वाचें. ऑक्टोबर २०१७ मध्यें उत्तर कॅलिफोर्नियांत वणवे पेटले, वीज गेली, आणि कांहीं लोकांस गॅरेजचें दार उघडतां येईना. वीज नसतां दार सोडविण्यासाठीं यंत्राला तांबड्या मुठीची दोरी असते. पण अंधारांत व धुरांत ती वृद्धाच्या हातीं लागेलच, आणि लागली तरी दार त्याला उचलेलच, असें नाहीं. म्हणून २०१८ सालीं तेथें कायदा झाला, आणि १ जुलै २०१९ पासून त्या राज्यांत विकल्या जाणाऱ्या घरगुती यंत्रांस बॅटरीची जोड आवश्यक ठरली. अन्यत्र राहणाऱ्यानें ती कायद्यावांचूनही घ्यावी.

परंतु कायदा यंत्राला डोळे देऊं शकतो. ते जागेवर राहूं देणें घरधन्याच्याच हातीं आहे. आपल्याकडेही मोठ्या गृहसंस्थांतून विजेनें सरकणारीं फाटकें आलीं आहेत; तेथेंही हाच प्रश्न विचारावयास हवा.

बंधूंनीं अखेर अर्ध्या अश्वशक्तीचें, पट्ट्याचें, बॅटरीसह यंत्र घेतलें होतें. डोळे खालींच राहिले. आम्ही निघालों त्या दिवशीं महिन्याची पहिली तारीख होती. भावजयीनें दारांत दीड इंच जाडीची एक फळी आडवी ठेवली आणि आम्हांस कळ दाबावयास सांगितलें. दार फळीला टेकलें, क्षणभर थबकलें, आणि मागें फिरलें. तिनें फळी उचलून कोपऱ्यांत, पुढच्या महिन्यासाठीं, उभी करून ठेवली.