शिकणाऱ्याचं बोलणं ऐकायचं कोणी?

तुमचे निबंध वाचले. एकालाही गुण दिलेले नाहीत. का, ते सांगते. वह्या मिटा आणि ऐका.

दुसरी भाषा शिकणाऱ्या एका माणसाच्या बोलण्याचा अभ्यास करा, असं सांगितलं होतं. एका जिवंत माणसाच्या. तुम्ही आणलीत क्रॅशेन यांची पाच गृहीतकं, सगळ्यांनी एकाच क्रमानं आणि जवळजवळ एकाच शब्दांत. माणूस शेवटच्या पानावर, तोही मनानं रचलेला.

एका निबंधाला मात्र खरं ध्वनिमुद्रण जोडलेलं होतं. बरं वाटलं. मग ते कागदाशी ताडून ऐकलं. हिंदी मातृभाषेची ती बाई म्हणते, 'माझी पुस्तक', 'घरला रंग दिला', 'मी काम करलं'. कागदावर 'माझं पुस्तक', 'घराला', 'केलं'. विचारलं तर उत्तर मिळालं, 'मॅडम, चुका वाईट दिसत होत्या, म्हणून दुरुस्त केल्या.' अरे, त्या चुका हाच तर तुमचा पुरावा! तो स्वतःच्या हातानं पुसलात?

हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी, म्हणून 'माझी'. हिंदीत 'को' लागताना 'घर' हा शब्द बदलत नाही, म्हणून सामान्यरूप न करता 'घरला'. इथपर्यंत मातृभाषेचा प्रभाव म्हणा. पण 'करलं'चं काय? हिंदीत 'किया' आहे. तिथून 'करलं' येणार नाही. आपण कोणी असं बोलत नाही, म्हणजे तिनं ते ऐकलेलंही नाही. 'धरलं', 'भरलं', 'मारलं' ऐकून तिनं स्वतः नियम बांधला आणि तो 'कर'ला लावला. शिकणाऱ्याच्या डोक्यात त्याचा स्वतःचा अभ्यासक्रम चालू असतो आणि चुका त्याची साक्ष देतात, हे कॉर्डर यांनी 1967 मध्ये मांडलं. मातृभाषा आणि शिकायची भाषा यांच्या मधल्या, शिकणाऱ्याच्या या भाषेला 'इंटरलँग्वेज' हे नाव सेलिंकर यांनी 1972 मध्ये रूढ केलं. ही दोन्ही सालं तुम्हाला तोंडपाठ आहेत. आणि तरी 'करलं' समोर आल्यावर तुम्ही खोडरबर उचललंत!

क्रॅशेन वाचू नका असं मी म्हणत नाही. समजणारं कानावर पडत राहिलं की भाषा येते, असं ते मांडतात. पण कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत इंग्रजीभाषक मुलं वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकत होती. त्यांना समजायचं उत्तम, बोलण्यातलं व्याकरण मात्र कच्चं राहायचं. मेरिल स्वेन यांनी ते बोलणं तपासलं आणि 1985 मध्ये सांगितलं की नुसतं समजणारं कानावर पडून भागत नाही, बोलावंही लागतं. रिचर्ड श्मिट यांनी हवाईत राहणाऱ्या एका जपानी चित्रकाराचं इंग्रजी सुमारे तीन वर्षं न्याहाळलं. माणूस लोकांत मिसळलेला, गप्पिष्ट, व्याकरण मात्र फारसं हललं नाही. पुढे ब्राझीलमध्ये पोर्तुगीज शिकताना श्मिट यांनी स्वतःच्याच शिकण्याची रोजनिशी ठेवली. सिद्धान्त असे, शिकणाऱ्याचं बोलणं ऐकून हलतात. तुमच्यापैकी कितीतरी जण मराठी शाळांतून आलेत, इंग्रजीशी झुंजत इथवर पोचलेत. त्या झुंजीची एक ओळ कोणाच्या निबंधात नाही. लाज वाटते तिची? का वाटावी?

आणि आता ज्याचा मला खरा संताप आला ते. मेसमध्ये वाढणारा मुलगा ओडिशाचा आहे. कुठल्या वर्गात न बसता तो मराठी बोलायला लागला. परवा रांगेत तुमच्यातले काही जण त्याच्या 'मोठी चमचा'ची नक्कल करून हसत होते. मी मागेच उभी होते. उडियात नामांना व्याकरणिक लिंग नसतं. हा मुलगा मराठीतली तीन लिंगं ताटं वाढता वाढता, निव्वळ कानानं शिकतोय. कोणतं आधी पक्कं होतंय, कशावरून तो अंदाज बांधतोय, हे विचारायचं सोडून उपयोजित भाषाविज्ञानाचे विद्यार्थी हसतात!

हा हसण्याचा विषय नाही. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. 2020 च्या कायद्यानं सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली. घरी गोंडी, भिली, उर्दू बोलणारी मुलं मराठीच्या वर्गात बसतात. त्यांची पाठ्यपुस्तकं आणि त्यांच्या शिक्षकांची प्रशिक्षणं उद्या तुमच्यातल्याच कोणाकडे येतील. 'करलं' म्हणणाऱ्या पोरीला तुम्ही ढ ठरवलंत, तर तिची बाजू कोण घेणार?

निबंध परत न्या. एका शिकणाऱ्याला गाठा, त्याची परवानगी घ्या, अर्धा तास त्याला बोलू द्या. जसं बोलेल तसं उतरवा, एक अक्षर न बदलता. प्रत्येक चुकीपुढे लिहा की हा नियम त्यानं कुठून आणला असेल. क्रॅशेन यांचं नाव आलं नाही तरी चालेल. सोमवारी मला हे हवं आहे. आणि ज्यांनी रांगेत नक्कल केली, त्यांनी आज जेवायला जाताना आधी त्या मुलाची माफी मागायची.