कौतुक नको, रोख द्या




गेल्या दिवाळीत आपल्यातल्याच एका ताईंनी १५०० रुपयांत चकली-शेव करून विकायला घेतली. यजमानांची नोकरी सुटली होती. आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं, डबे भरून नेले. आणि पैसे? "घरच्याच आहेत, देऊ सावकाश!" ९०० रुपये आमच्याकडेच अडकले. दुसऱ्या घाण्यासाठी तेल-बेसन आणायला त्यांच्याजवळ काही उरलं नाही. संकोचानं त्या बोलल्या नाहीत. चूक आमची होती.

१९५९ साली मुंबईत गिरगावातल्या ७ गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी झाली फक्त ४ पाकिटं. तेच पुढे 'लिज्जत' झालं. दान घ्यायचं नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. कष्ट करणाऱ्याला दया नको असते, त्याचा दाम वेळेवर हवा असतो.

हातात जपमाळ आणि पदराला दुसऱ्याच्या घामाचे पैसे बांधलेले, ही कसली सेवा?

म्हणून नवा धंदा करणाऱ्या ताईंनो, घरातल्याच कढईत लहान घाणा काढा. घरखर्चाचा आणि धंद्याचा डबा वेगळा ठेवा, रोजचं वहीत लिहा. आणि आपण घेणाऱ्यांनी घासाघीस करू नये, माल हातात येताच पैसे द्यावेत.

आम्ही त्या ताईंचे पैसे माफी मागून चुकते केले. त्यांची कढई पुन्हा चढली आहे. तुमच्याकडे कुणाची बाकी असेल, तर गुरुवारच्या आरतीआधी देऊन या.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥