जुन्या गाडीतील नवी नळी

जुन्या वस्तूंवर प्रेम करणाऱ्या मनुष्यास केव्हा ना केव्हा एक प्रश्न पडतोच. त्या वस्तूचे जुनेपण नेमके तिच्या कोणत्या अंशात वास करते? हा प्रश्न पोथ्या जमविणाऱ्यास पडतो, वडिलार्जित वाड्याची डागडुजी करणाऱ्यासही पडतो. परंतु जुनी मोटारगाडी बाळगणाऱ्यास तो जितक्या निकडीने पडतो, तितका इतरांस पडत नसावा. पोथीचे पान जीर्ण झाले तर पोथीच तेवढी फाटते. मोटारीतील पेट्रोलची नळी जीर्ण झाली तर गाडी पेटते, आणि एखादे वेळी तीत बसलेली माणसेही त्या आगीत सापडतात.

उदाहरणादाखल आपल्या परिचयाचीच गाडी घेऊ. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. हीच पुढे 'पद्मिनी' झाली आणि टॅक्सीच्या रूपाने मुंबईची सेवा करून ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. खाजगी घरांतून मात्र तिची भावंडे अद्यापि प्रेमाने जतन केलेली आढळतात. या गाडीची टाकी मागे, तर एंजिन पुढे. त्यामुळे पेट्रोलला गाडीच्या पोटाखालून, धातूच्या नळीतून, लांबचा प्रवास करावा लागतो. आणि जेथे धातूला लवचीक सांधा हवा तेथे रबरी नळीचे आखूड तुकडे बसविलेले असतात. मालक बाहेरचा रंग पुसून लखलखीत ठेवतो, आसनांची कापडे जपतो. या वीतभर तुकड्यांकडे मात्र त्याची दृष्टी क्वचितच वळते. वस्तुतः गाडीचे आयुष्य त्यांच्यावरच अवलंबून असते.

रबर म्हातारे होते ते गुपचूप होते. एंजिनाच्या उष्णतेने ते कडक बनते, आणि जेथे ते धातूच्या तोंडावर ताणून बसविलेले असते तेथे त्यास बारीक भेगा पडतात. त्यांतून पेट्रोल थेंबाथेंबाने झिरपते व त्याची वाफ होते. ही वाफ हवेहून जड असल्यामुळे वर उडून न जाता जमिनीलगत साचून राहते. आणि पाणी गोठवणाऱ्या थंडीतही तिला पेटावयास एक ठिणगी पुरते. ठिणग्यांची तर एंजिनाजवळ वाण नाही.

आता जुनेपणाचा कट्टर उपासक म्हणतो, "मूळचे ते मूळचेच राहू द्या." हे म्हणणे निव्वळ हट्टाचे आहे असे आम्ही मानीत नाही. मूळ भाग हा एक साक्षीदार असतो. तो काढून टाकला की त्या काळचा कारागीर काय करीत होता हे सांगणारे कोणी उरत नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील जुन्या वाहनांसाठी नियम केले, त्यांतही गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी अशी अट आहे. परंतु त्या अटीचा रोख चेसिस, सांगाडा व एंजिन यांतील मोठ्या फेरफारांवर आहे. झिजावयासाठीच जन्मलेल्या नळीचा तेथे संबंध पोहोचत नाही.

शिवाय या उपासकांच्या ध्यानात एक गोष्ट येत नाही, ती ही की नळी मूळची राहिली तरी तीतून वाहणारे पेट्रोल मूळचे राहिलेले नाही. फेब्रुवारी २०२३ पासून आपल्या देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री सुरू झाली, आणि ते मिश्रण जुन्या रबरास मानवत नाही. ज्या पेट्रोलसाठी ती नळी घडविली होती ते गेले, आणि नळी मात्र निष्ठेने धरून ठेवावयाची, ही निष्ठा आम्हांस विचित्र वाटते. एंजिन फोडून पाहण्याची ही बाब नव्हे. फ्लोरोरबराचे अस्तर असलेली नळी बाजारात मिळते व ती इथेनॉलला दाद देत नाही.

नळी बदलली तर गाडी तीच राहते काय? थीसियसच्या जहाजाची कथा प्लुटार्कने सांगितली तेव्हापासून तत्त्वज्ञ या प्रश्नावर वाद घालीत आले आहेत. लंडनच्या न्यायालयास मात्र १९९० साली या प्रश्नाचा निकालच द्यावा लागला. ल मान्सची शर्यत १९२९ व १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकणारी एक बेंटली गाडी विकावयास निघाली होती. तिचे मूळचे भाग फारच थोडे उरले होते, म्हणून घेणारा मागे सरला. न्यायमूर्ती ऑटन यांनी निर्णय दिला की गाडीचा इतिहास अखंड चालत आला आहे, सबब ती तीच गाडी होय. आपल्याकडे पुरीस २०१५ साली नवकलेवर झाले तेव्हा देवाचे काष्ठ बदलले; देव बदलला असे एकाही भाविकाने म्हटले नाही.

आमच्या मते येथे नीतीचा खरा प्रश्न दुसराच आहे. स्वतःच्या वस्तूसाठी स्वतःचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार मनुष्यास आहे किंवा नाही, यावर वाद होऊ शकेल. परंतु मागच्या आसनावर बसलेल्या नातवाने त्या धोक्यास संमती दिलेली नसते, आणि ज्या इमारतीच्या तळमजल्यावर गाडी उभी असते तेथील शेजाऱ्यांस तर त्याची वार्ताही नसते. आपल्या सौंदर्यदृष्टीचे मोल दुसऱ्याने भरावे, हे रसिकतेत बसत नाही.

आणखी एक बारीक पेच आहे. त्या काळच्या कित्येक गाड्यांत सुती विणीचे आवरण असलेली रबरी नळी असे. हौशी मालक तशाच वेषाची नवी नळी शोधून आणतात. यात फसवणूक आहे काय? विकताना मालक खरे सांगत असेल तर नाही. तरीही आम्हांस हे आवरण पसंत नाही. खालच्या रबरास पडलेली भेग त्या विणीखाली दिसत नाही. उघडे रबर आपले दुखणे लपवीत नाही.

काम हाती घेताना बॅटरीची तार काढावी, आणि जुनी नळी ओढून न काढता उभी चिरून काढावी. ओढाओढीत कार्ब्युरेटरचे पितळी तोंड सैल होते, आणि एक गळती बंद करताना दुसरी निर्माण होते. एंजिन चालू करून सांधा न सांधा बोटाने चाचपून पाहावा.

काढलेला जुना तुकडा मात्र टाकून देऊ नये. त्यातील पेट्रोल पूर्ण उडून गेल्यावर त्यास जागेची व तारखेची चिठ्ठी बांधून तो गाडीच्या कागदपत्रांशेजारी ठेवावा. पुढील मालकाने तो एकदा दोन बोटांत धरून वाकवावा. त्याच्या भेगा त्यास आपोआप दिसतील.