दोघांची स्मृती, एकाची लेखणी

आयरिस मरडॉक व जॉन बेली यांचा विवाह १९५६ साली झाला. पुढील सुमारे तीन दशके ऑक्सफर्डशायरमधील स्टीपल ॲस्टन या खेड्यात गेली. १९९८ मध्ये बेलींनी या सहजीवनाच्या आठवणी प्रसिद्ध केल्या, तेव्हा मरडॉक हयात होत्या. परंतु अल्झायमरमुळे त्यांची शहानिशा करणे त्यांना शक्य नव्हते. नैतिकतेचे मूळ मरडॉक यांनी दुसऱ्याकडे निःस्वार्थ अवधानाने पाहण्यात शोधले होते. नदीत पोहण्याच्या प्रसंगांत बेली या कसोटीस उतरतात. आजारपणाच्या तपशिलांत मात्र पाहणाऱ्याचा शिणवटाच (तो प्रांजळ असला तरी) अधिक बोलतो. दांपत्यातील विश्वास हीच आगाऊ संमती, असा प्रतिवाद संभवतो. पण ती संमती नदीपुरती होती की आजारपणासाठीही, हे विचारण्यास तोवर उशीर झाला होता.