परक्या बाजारातला रास्त भाव

आपल्या धर्मग्रामात आखाताशी काहीच संबंध नाही असे घर शोधावे लागेल. कुणाचे वडील मस्कतला होते, कुणाची बहीण बहारीनला नर्स आहे, आम्ही काहीजण कुवेतमध्ये उमेदीची वर्षे काढून परतलो. कुवेतला राहून आलेल्यांपुढे 'सूक अल-जुमा' एवढे दोन शब्द उच्चारले की पुढचे काही सांगावे लागत नाही. इतरांसाठी थोडे सांगतो.

जुमा म्हणजे शुक्रवार. तिथे सुट्टीचा वार तोच. म्हणून रविवारची मिस्सासुद्धा बहुतेकजण शुक्रवारीच ऐकतात, आणि मिस्सा सुटली की पुष्कळांची पावले ह्या बाजाराकडे वळतात. शहराबाहेर अल-राय नावाच्या भागात तो भरतो. काचेच्या, थंडगार मॉलसाठी प्रसिद्ध असलेल्या देशात हा बाजार पाहून नवखा माणूस भांबावतो. गालिच्यांच्या थप्प्या, जुने फ्रीज, एका पायाने लंगडा सोफा, गाठोडी सोडून ओतलेले कपडे, भांडी, खेळणी, जवळच पक्ष्यांचे पिंजरे. धूळ, घाम, गोंगाट. आणि गंमत अशी की विकणारे बहुतेक परदेशी आणि घेणारेही परदेशीच. कुवेतच्या लोकसंख्येत स्थानिकांपेक्षा बाहेरून आलेले अधिक, त्यांतही भारतीय सर्वांत जास्त. बांगलादेशी विक्रेता आणि इजिप्तचे गिऱ्हाईक ह्यांचा सौदा मोडक्या अरबीत चालतो, आपला चालतो हिंदीत.

तिथे कशावरही किंमत लिहिलेली नसते. विकणारा सांगतो दहा दिनार, घेणारा म्हणतो तीन. मग वस्तूला नावे ठेवायची, पाठ फिरवायची, पुन्हा हाक ऐकून मागे यायचे, शेवटी 'आखिर कलाम' म्हणजे अखेरचा शब्द म्हणून एक आकडा ठरतो. नीतिसूत्रांच्या पुस्तकातही असे एक गिऱ्हाईक भेटते. घेताना ते माल वाईट असल्याचे म्हणत राहते, आणि घरी जाताना आपल्या सौद्याची फुशारकी मारते. इतकी शतके गेली, माणूस तसाच आहे.

ह्या घासाघिशीला सरसकट पाप म्हणायला आमचे मन घेत नाही. आठवडाभर साहेबाचे हुकूम ऐकणारा, एका खोलीत सहाजणांत झोपणारा कामगार त्या दिवशी गिऱ्हाईक असतो. त्याला कुणीतरी हाक मारते, चहा विचारते, त्याच्या 'नाही'ला किंमत देते. त्याची ऐपतही मोठी नाही. एक दिनार म्हणजे अडीचशेहून अधिक रुपये. प्रत्येक खरेदीचा हिशेब तो मनात रुपयांत करतो आणि गावच्या घराचे हप्ते आठवून पाव दिनारासाठी अडून बसतो. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तेराव्या शतकात खरेदी-विक्रीतल्या फसवणुकीवर सविस्तर लिहिले, तेव्हा रास्त भाव हा गणितासारखा काटेकोर नसतो, तो अंदाजाचा असतो, थोडे इकडे-तिकडे झाल्याने न्याय बिघडत नाही, असेच त्यांनी म्हटले. त्या थोड्या जागेत घासाघीस बसते.

पण त्या बाजारात जुने सामान येते कुठून? त्यातले कितीतरी देश सोडून जाणाऱ्यांच्या घरांतले असते. नोकरी सुटली की राहण्याचा परवानाही फार दिवस टिकत नाही. विमानाचे तिकीट निघालेले, मुलांच्या शाळेचे दाखले काढलेले, आणि घर भरून सामान. समजा, कपडे धुण्याचे यंत्र दोन वर्षांपूर्वी ९० दिनारला घेतलेले, उत्तम चालणारे. घरच्यांना त्याचे ४० यावेत असे वाटते. जुन्या सामानाचा व्यापारी १५ देऊ करतो. अशा वेळी आपल्यातला 'हुशार' माणूस घाई करत नाही. त्यांची जाण्याची तारीख विचारून घेतो आणि शेवटच्या शुक्रवारी जातो.

इथे काही खोटे बोलले गेले का? नाही. वजनात मारले का? नाही. दोघांनी राजीखुशीने व्यवहार केला. मग टोचते ते काय?

अक्वायनस ह्यांनी नेमके इथेच बोट ठेवले आहे. त्यांचे उदाहरण विकणाऱ्याचे आहे. एखादी वस्तू घेणाऱ्याला अतिशय निकडीची असेल, पण ती देण्याने विकणाऱ्याचे विशेष नुकसान होत नसेल, तर विकणाऱ्याने भाव चढवू नये. कारण ती निकड घेणाऱ्याची आहे. विकणाऱ्याच्या मालकीचे जे नाही, ते त्याने विकायचे कसे? घेणाऱ्याने आपखुशीने थोडे जास्त दिले तर तो त्याचा चांगुलपणा. आम्ही हेच उलट बाजूने वाचतो. त्या कुटुंबाच्या विमानाची तारीख आपल्या मालकीची नाही. यंत्राला पडलेले पोचे दाखवून पाच दिनार कमी करा, हरकत नाही. तारीख दाखवून वीस कमी करायचे म्हणजे त्यांच्याच संकटाचा मोबदला त्यांच्याचकडून घेणे.

ह्यावर नेहमीचे उत्तर असते: 'आम्ही नाही घेतले तर व्यापारी त्याहून कमीत नेईल.' ते खरेही असते. १५ ऐवजी २० मिळाले तर त्या घराला बरेच वाटेल. पण दुसरा अधिक लुबाडतो एवढ्याने आपले २० रास्त होत नाहीत. ते फक्त कमी वाईट होतात. संत ऑगस्टीन ह्यांनी एका नटाची गोष्ट सांगितली आहे. 'तुमच्या सर्वांच्या मनात काय आहे ते मी सांगतो' असे म्हणून त्याने गर्दी जमवली आणि सांगितले, 'स्वस्तात घ्यावे आणि महाग विकावे.' सर्वांनी मान डोलावली. ऑगस्टीन मात्र आपल्या माहितीतल्या एका माणसाचा दाखला देतात. त्याच्याकडे एक हस्तलिखित विकायला आले. विकणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक नव्हते, त्याने थोडकेच मागितले. ह्या गृहस्थाने मागितले नव्हते तेवढे, म्हणजे पुरेपूर मोल दिले. असा एक जरी माणूस असला तरी 'सगळेच तसे करतात' हे म्हणणे टिकत नाही.

परमुलखात खरेदी करणारा आपला पहिला पूर्वज म्हणजे अब्राहाम. सारा वारली, तिला पुरायला जागा नाही, आणि तो हेथी लोकांत उपरा. एफ्रोन आधी जमीन फुकट देऊ करतो, मग सहज बोलल्यासारखे म्हणतो की ४०० शेकेल म्हणजे तुमच्या-माझ्यात काय मोठेसे! अरबी बाजारात फिरलेल्याला हे आर्जव लगेच ओळखू येते. यिर्मयाने पुढे अनाथोथचे शेत १७ शेकेलना घेतले. ते आठवले की ४०० हा आकडा बोलका वाटतो. सदोमातल्या लोकांच्या जिवासाठी देवाशी पन्नासापासून दहापर्यंत घासाघीस करणारा अब्राहाम इथे चकार शब्द न काढता चांदी तोलून देतो. मृत पत्नीला समोर ठेवून तो काय बोलणार? एफ्रोनने शेताबरोबर त्या दुःखाचेही पैसे घेतले, असे आम्हांला वाटते.

आखातात गेलेल्या आपल्या माणसांची किंमतही कुणीतरी अशीच ठरवली होती. घरची निकड पाहून एजंट पगाराचा आकडा खाली आणतो, आणि कागदावर सही मात्र राजीखुशीची असते. पोप लिओ तेरावे ह्यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारूम' ह्या परिपत्रकात अशा संमतीला संमती मानलेले नाही. गरजेपोटी वा याहून वाईट होईल ह्या भीतीने कामगाराने कमी वेतन पत्करले, तर तो अन्यायाचा बळी ठरतो, असे त्यांनी लिहिले.

'दिनार' हा शब्द रोमन लोकांच्या 'डेनारियस' ह्या नाण्यावरून आलेला आहे. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातल्या मजुरांची रोजी तीच. बाजारात संध्याकाळपर्यंत रिकामे उभे राहिलेल्यांना धन्याने कितीही कमी देऊ केले असते, तरी ते आले असते. आपल्याकडे भाताची कापणी आटोपली की जव्हार-मोखाड्याकडची आदिवासी कुटुंबे कामासाठी खाली येतात आणि सकाळी नाक्यावर उभी राहतात. सातला सांगितलेली हजेरी दहा वाजता उतरलेली असते. आपली वाडी शिंपायला किंवा बांधकामावर माणूस हवा असेल, तर आपण कितीला जातो?