प्रवेशद्वाराआधीची संध्याकाळ

थीम पार्क म्हणजे एका कल्पित जगाच्या आधाराने इमारती, पाळणे, वेशभूषा आणि संगीत यांची एकसंध मांडणी केलेले करमणुकीचे उद्यान. या उद्यानांविषयी झालेल्या वैचारिक लेखनाचा बराचसा भाग प्रवेशद्वाराच्या आतल्या जगाविषयी आहे. उंबेर्तो एको यांनी 1975 मध्ये आणि झाँ बोद्रियार यांनी 1981 मध्ये डिस्नेच्या उद्यानांची जी चिकित्सा केली, तिचा रोख नक्कल अस्सलाची जागा कशी घेते याकडे होता, आणि तो रोख योग्यच होता; परंतु दूरवरून मुलाबाळांसह येणारे कुटुंब थेट या नकलेत उतरत नाही. ते बहुधा आदल्या दिवशी दुपारी किंवा तिन्हीसांजेला येऊन पोहोचते, सामान खोलीत टाकते आणि उद्यान जवळ असूनही ती संध्याकाळ बाहेरच घालवते. अभ्यासकांनी फारशी दखल न घेतलेली ही पहिली संध्याकाळ संपूर्ण सहलीतला सर्वांत मोकळा काळ असते, आणि म्हणूनच ती जपण्याजोगी आहे.

फ्लोरिडातील ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डची भूरचना पाहिली, तर आत शिरण्यापूर्वीचा हा विलंब तेथे मुद्दाम बांधून काढलेला दिसतो. कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे 1955 मध्ये डिस्नेलँड उघडल्यावर कुंपणाला खेटून मोटेले आणि झगमगत्या पाट्यांची गर्दी उभी राहिली, आणि बाहेरचे जग इतक्या जवळ आलेले वॉल्ट डिस्ने यांना रुचले नाही. त्यामुळे फ्लोरिडात कंपनीने 1960 च्या दशकात वेगवेगळ्या नावांच्या आडून सुमारे 27,000 एकर जमीन खरेदी केली. डिसेंबर 1966 मध्ये वॉल्ट यांचे निधन झाले आणि त्यांचे बंधू रॉय यांनी तडीस नेलेला हा प्रकल्प 1 ऑक्टोबर 1971 रोजी लोकांसाठी खुला झाला. मॅजिक किंगडम या तेथील पहिल्या उद्यानाचा वाहनतळ फाटकापासून दीड किलोमीटरच्या आसपास दूर ठेवलेला आहे आणि मध्ये एक विस्तीर्ण कृत्रिम तलाव आहे. तलाव खणताना निघालेल्या मातीने पलीकडची जमीन उंच करण्यात आली; भूजल फार वर असल्याने कामगारांच्या ये-जा करण्याचे बोगदे मूळ जमिनीच्या पातळीवरच बांधून त्यांवर ही भर घातली गेली, त्यामुळे पाहुणे चालतात ती ‘जमीन’ खरे तर इमारतीचा वरचा मजला आहे. मोटारीने येणाऱ्या बहुतेकांना वाहनतळावर मोटार सोडून बोटीने किंवा मोनोरेलने तलावापलीकडे जावे लागते, आणि हा टप्पा रोजच्या जगापासून तुटण्यासाठीच आहे.

अशा तुटण्याचे शास्त्र मानववंशशास्त्रात जुने आहे. आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी 1909 मध्ये दाखवून दिले की, जन्म, विवाह यांसारख्या संक्रमणविधींत जुन्या अवस्थेतून सुटका आणि नव्या अवस्थेत प्रवेश यांच्यामध्ये एक उंबरठ्याचा काळ असतो. व्हिक्टर टर्नर यांनी ही कल्पना तीर्थयात्रेला लावली आणि या काळात माणसांमधील दर्जाचे भेद सैलावून निर्माण होणाऱ्या आपलेपणाला, म्हणजेच समूहभावाला, महत्त्व दिले. त्यासाठी त्यांनी ज्या यात्रांचा आधार घेतला त्यांत पंढरपूरची वारीही होती. पुढे अलेक्झांडर मूर यांनी 1980 मध्ये वॉल्ट डिस्ने वर्ल्डला ‘खेळकर तीर्थक्षेत्र’ मानून त्याचे विवेचन केले. भक्ती आणि धंदा यांतले अंतर मिटवण्याचे कारण नाही, पण पंढरपूर हाकेच्या अंतरावर आले असताना वाखरीच्या तळावर पालख्या का विसावतात हे ज्याला उमगते, त्याला पोहोचण्याआधीच्या मुक्कामाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

उद्यानाबाहेरच्या त्या संध्याकाळीचे कारण मात्र व्यवहारी आहे. तिकीट सर्वसाधारणपणे दिवसाच्या हिशेबाने विकले जाते. सायंकाळी सहाला आत गेले तरी अख्खा दिवस खर्ची पडतो. काटकसर म्हणून बाहेर राहिलेल्या कुटुंबाला त्यामुळे असे काही तास मिळतात, ज्यांचे पैसे वसूल करायचे नसतात. तलावाकाठच्या हॉटेलांसमोरून रात्री निघणारी दिव्यांची जलयात्रा ही या तासांची खास सोबत आहे. ऑक्टोबर 1971 पासूनच्या या कार्यक्रमात एकामागून एक ओढल्या जाणाऱ्या 14 तराफ्यांवर जाळीच्या उंच चौकटी उभ्या असतात आणि त्यांवरील छोटे दिवे आळीपाळीने उघडझाप करू लागले की कासव, देवमासा, सागरी सर्प अंधारात हलू लागतात, आणि खाली पाण्यात त्यांची दुसरी रांग चालत जाते. आजच्या मानाने तंत्र अगदी साधे आहे. त्यासाठी उद्यानाचे तिकीट लागत नाही, रांग नसते, पुढची जागा विकत घेता येत नाही. किनाऱ्यावर आई-वडील, आजी-आजोबा आणि पेंगुळलेली मुले एकाच गोष्टीकडे एकाच वेळी पाहतात. दुसऱ्या दिवशी उंचीच्या अटींमुळे, भित्रेपणामुळे आणि आवडीनिवडींमुळे हेच कुटुंब दोन-तीन तुकड्यांत विभागले जाणार असते.

या मोकळेपणावर आता आक्रमण होत आहे. रांग टाळण्याची सोय 1999 मध्ये सुरू झाली तेव्हा ती विनामूल्य होती. 2021 पासून तिच्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागू लागले आणि 2024 पासून पैसे भरून आवडत्या पाळण्यांच्या वेळा काही दिवस आधीच राखून ठेवता येऊ लागल्या. परिणामी पहिली संध्याकाळ दुसऱ्या दिवसाच्या तयारीची पाळी बनते: कोणीतरी एक जण, आणि अनेक घरांत ती आईच असते, मोबाइलवर वेळा जुळवत बसते आणि बाकीच्यांना लवकर झोपवण्याची घाई करते. यात तिला दोष देणे अन्यायाचे आहे. अमेरिकेत खासगी नोकरदारांना भरपगारी रजा देण्याची सक्ती करणारा केंद्रीय कायदा नाही. जिथे सुटीचा प्रत्येक दिवस बचतीतून आणि मालकाच्या मर्जीतून मिळवावा लागतो, तिथे तो वाया जाऊ नये ही धडपड हावरेपणा ठरत नाही. दोष त्या व्यवस्थेचा, जिने आधी रांग वाढू दिली आणि मग रांगेतून सुटका विकायला काढली.

तरीही या संध्याकाळीला सरसकट समूहभावाचे नाव देता येत नाही. इरावती कर्वे यांनी वारीवरील आपल्या लेखनात, टर्नर यांच्या आधीच, एकाच वाटेने चालणारे ब्राह्मण आणि मराठा वारकरी जेवायला मात्र वेगळे बसतात हे दुःखाने नोंदवले होते. येथे भेद पैशाचा आहे. तलावाकाठची हॉटेले महागड्यांत मोडतात. हात राखून खर्च करणारी कुटुंबे किसिमी गावाच्या बाजूला यूएस 192 या महामार्गालगतच्या मोटेलांत उतरतात, आणि तिथेच शेजारच्या खोल्यांत घराची अनामत रक्कम एकदम उभी करू न शकल्याने आठवड्याच्या भाड्याने राहणारी कुटुंबेही असतात. शॉन बेकर यांच्या 2017 च्या ‘द फ्लोरिडा प्रोजेक्ट’ या चित्रपटाने हे वास्तव पडद्यावर आणले. त्याचे शीर्षक डिस्नेच्या या प्रकल्पाचे आखणीच्या काळातले नाव आहे. तिथे एका खोलीत उद्याच्या उद्यानासाठी बूट काढून ठेवले जात असतात आणि भिंतीपलीकडे भाड्याचा आठवडा भरत आलेला असतो. उद्यानाच्या कर्मचारी संघटनांनी 2018 मध्ये किमान वेतन टप्प्याटप्प्याने ताशी 15 डॉलरपर्यंत नेण्याचा करार मिळवला, तो पाहुण्यांची संध्याकाळ सुरू होताना ज्यांची पाळी सुरू होते त्यांच्यासाठी होता, आणि तेवढ्या वेतनावर त्यांच्यापैकी किती जणांना स्वतःच्या मुलांसह अशी एक संध्याकाळ परवडते, हा प्रश्न त्या कराराने मिटलेला नाही.