सूर्य फुकट, पाणी कोणाचें?

विहिरींतून पाणी उपसण्यास आजवर कांहींतरी मोल पडत आलें आहे. मोटेच्या काळीं बैल थकत. इंजिन आलें तेव्हां तेलाचा पैसा पुरेनासा होई. विजेच्या पंपास भारनियमनानें लगाम घातला. नाइलाजानें कां होईना, मनुष्याच्या हांवेस मर्यादा होती. सूर्यशक्तीवर चालणाऱ्या पंपानें ती काढून घेतली. सूर्य बिल पाठवीत नाहीं. ज्या शेतकऱ्यास विजेसाठीं मध्यरात्रीं बांधावर जावें लागे तो आतां दिवसाढवळ्या पाणी देतो, हें सुख थोडें नव्हे. परंतु उपसा फुकट झाला म्हणजे पाणीही फुकट झालें काय?

महाराष्ट्र सरकारच्या २०२४ च्या योजनेंत सर्वसाधारण गटांतील शेतकऱ्यानें किंमतीचा दहावा हिस्सा भरावयाचा, बाकीचा भार सरकारी अनुदानाचा. मात्र पंपाची शक्ति जमिनीवरून ठरते : अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ति, पांच एकरांपर्यंत पांच, त्याहून अधिक असल्यास साडेसात. भूमिहीनास अर्थातच शून्य. पैसा सर्वांचा, भूगर्भांतील पाणी कोणताही बांध न ओळखणारें, आणि वांटणी मात्र एकरांवर!

पुरंदर तालुक्यांतील नायगांवीं याहून निराळें माप वापरलें गेलें. १९७२ च्या दुष्काळानें अस्वस्थ झालेले पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे यांनीं तेथें देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन खंडानें घेतली आणि पुढें 'पाणी पंचायती'चे नियम घडविले. पाणी माणसें मोजून द्यावयाचें : माणशी अर्धा एकर भिजेल एवढें, आणि कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरतें. भूमिहीनासही वांटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जावयाचा नाहीं. ऊंस वर्ज्य. खर्चाचा पांचवा हिस्सा गांवकऱ्यांनीं स्वतः उभा करावयाचा. ज्याच्यापाशीं जमीनच नाहीं त्यास पाणी देऊन काय उपयोग, असें कोणी हंसून विचारील. पण पाण्याचा धनी झालेला मनुष्य जमीनवाल्याकडे खंडाची बोलणी करावयास ताठ मानेनें जातो. एरव्हीं तो मजुरी मागावयास जातो.

आक्षेप खरा आहे तो दुसराच. ज्यानें स्वतःच्या पैशानें विहीर खणली त्याच्या श्रमाचें काय? त्याचा मोबदला त्यास मिळालाच पाहिजे, यांत मला शंका नाहीं. तथापि विहीर त्याची असली तरी तिला भरणारा पाऊस साऱ्या शिवारावर पडलेला असतो.

पश्चिम आफ्रिकेंतील बेनिन देशांत कलाले भागांतील गांवांनीं २००७ सालीं सौरपंप व ठिबक यांवर भाजीचे मळे उभे केले. यंत्र आपल्याकडचेंच, पण तें एका खातेदाराचें नसून स्त्रियांच्या गटाचें.

आम्हां शहरवाल्यांस हा प्रश्न खेड्यांचा वाटतो. वस्तुतः उल्हासनगरच्या नळांत बारवी धरणाचें पाणी येतें, आणि त्या धरणापायीं मुरबाड तालुक्यांतील कुटुंबांस घरें-शेतें सोडावीं लागलीं आहेत. त्यांच्या माणशी वांट्याचा हिशेब नळाच्या बिलावर नसतो.

पाणी पंचायतीच्या सर्वच योजना टिकल्या नाहींत, हें सांगितलेंच पाहिजे. उंचावर पाणी चढविण्याचा खर्च हें अशा सामाईक योजनांवरील मोठें ओझें असतें. तें उचलण्यास आज सूर्य तयार आहे. अडचण एवढीच कीं, अशा गटानें पंप मागितला, तर अर्जास सातबारा कोणाचा जोडावयाचा?